दुखणे मराठीत, नोंद हिब्रूत आणि वाचणारे यंत्र

डॉक्टरांच्या मेजावर संगणक येऊन आता बराच काळ लोटला आहे. आरंभी त्याचे काम वहीचे होते. डॉक्टरांनी लिहावे आणि त्याने जपून ठेवावे, एवढेच. अलीकडे मात्र त्याच्याकडून याहून पुष्कळ अधिक अपेक्षिले जात आहे. रोग्याच्या जुन्या कागदपत्रांतून हवी ती माहिती त्याने शोधून काढावी, डॉक्टर आणि रोगी यांचे संभाषण ऐकून त्याचे टिपण स्वतः तयार करावे, रुग्णालयातून घरी जाणाऱ्यास द्यावयाच्या सूचनांचे भाषांतर करावे, आणि विचारल्यास निदानाविषयीही आपले मत सांगावे, अशी कामे त्याच्यावर सोपविली जात आहेत. माणसांची बोलण्या-लिहिण्याची भाषा यंत्रास हाताळता यावी यासाठी जी विद्या उभी राहिली आहे तिला भाषा-संस्करण असे म्हणतात, आणि वैद्यकीय संशोधनात आज तिचा मोठा बोलबाला आहे.

आपल्या समाजातील कित्येक तरुण-तरुणी संगणकाच्या व्यवसायात आहेत. त्यांना यातील बरेच ठाऊक असेल. परंतु त्यांच्या आजी-आजोबांच्या बाजूने या विषयाचा विचार झालेला आमच्या पाहण्यात नाही, आणि तो व्हावयास हवा असे आम्हांस वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. हे यंत्र जे लिहिले गेले तेवढेच जाणते. आपल्या वडीलधाऱ्यांचे दुखणे मराठीत सांगितले जाते आणि हिब्रूत लिहिले जाते. या दोहोंमधल्या वाटेवर जे सांडते, ते यंत्राच्या लेखी घडलेलेच नसते. ही सांडलवंड थांबविण्याचे काम यंत्राच्या आधीचे आहे, आणि आपण मागितल्यावाचून ते कोणी आपल्यासाठी करणार नाही.

या विद्येच्या आरंभीच्या काळात आपल्या यहुदी लोकांपैकीच एक विचारवंत भेटतो. जोसेफ वायझेनबाम यांचा जन्म १९२३ साली बर्लिन येथे झाला. नाझी राजवटीतून निसटून त्यांचे कुटुंब १९३६ साली अमेरिकेस पोचले. १९६६ साली, एमआयटी या प्रख्यात संस्थेत असताना, त्यांनी ‘एलायझा’ नावाची एक संगणकीय रचना प्रसिद्ध केली. ती मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांप्रमाणे प्रश्न विचारीत असे. कोणी आईचा उल्लेख केला की ‘तुमच्या घरच्यांविषयी आणखी सांगा’ अशा धर्तीचे उत्तर येई. यंत्रास अर्थ काहीच कळत नव्हता. समोरच्याचेच शब्द थोडे फिरवून ते परत करीत होते. तरीही माणसे त्याच्याजवळ मन मोकळे करू लागली. खुद्द वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीने त्या यंत्राशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली, असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे. या अनुभवाने ते अस्वस्थ झाले. यंत्राला एखादे काम साधले तरी ते त्याच्यावर सोपवावे की नाही हा प्रश्न निराळा आहे, असे त्यांनी १९७६ सालच्या आपल्या ग्रंथात निक्षून मांडले. आज अर्धशतकानंतरही तो प्रश्न जुना झालेला नाही.

पुढील काळात संशोधकांनी नियमांचा मार्ग धरला. न्यूयॉर्क विद्यापीठात नेओमी सेगर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकापासून डॉक्टरांच्या टिपणांची व्याकरणाच्या आधारे फोड करण्याचा उद्योग आरंभिला. काम वाटते तितके सोपे नव्हते. डॉक्टरांच्या टिपणात रोगाचे नाव आले म्हणजे तो रोग झालाच असे नव्हे. ‘ताप नाही’, ‘क्षयाची शंका दूर झाली’, ‘वडिलांना मधुमेह होता’ या तिन्ही वाक्यांत रोगाचे नाव आहे, पण समोरच्या रोग्याला त्यांतला एकही नाही. हा ‘नाही’ यंत्राने ओळखावा म्हणून २००१ साली ‘नेगएक्स’ नावाची एक साधी युक्ती प्रसिद्ध झाली आणि ती पुढे वर्षानुवर्षे वापरली गेली. मनुष्य एका दृष्टिक्षेपात जे जाणतो ते यंत्रास शिकविण्यास किती खटाटोप लागतो, हे यावरून लक्षात येईल.

नंतर मार्ग बदलला. नियम लिहून देण्याऐवजी अफाट लेखन यंत्रापुढे ठेवावे आणि त्यातून त्यानेच शिकावे, अशी पद्धत रूढ झाली. वाक्यातला एखादा शब्द झाकायचा आणि तो कोणता असेल हे यंत्रास ओळखावयास लावायचे. असे असंख्य वेळा केले की कोणता शब्द कोणत्या शब्दांच्या संगतीत वावरतो याची त्याला जाण येते. २०१८ साली गूगलच्या संशोधकांनी ‘बर्ट’ नावाची अशी रचना प्रसिद्ध केली, आणि २०१९ साली तिलाच रुग्णालयातील टिपणे वाचावयास देऊन तिच्या वैद्यकीय आवृत्त्या तयार झाल्या.

ही टिपणे कोठली, हे जाणण्यासारखे आहे. बोस्टन शहरातील बेथ इस्राएल डीकोनेस या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील, २००१ ते २०१२ या काळातील ४०,००० हून अधिक रोग्यांच्या नोंदी, नावे-पत्ते वगळून २०१६ साली संशोधकांस उपलब्ध करून देण्यात आल्या. जगभरच्या कित्येक संशोधकांची यंत्रे त्याच नोंदींवर शिकली. या रुग्णालयाचा एक पूर्वज म्हणजे बोस्टनच्या यहुदी समाजाने वाढत्या स्थलांतरितांच्या गरजेसाठी १९१६ साली उभारलेले बेथ इस्राएल रुग्णालय होय. परदेशातून आलेल्या आपल्या बांधवांसाठी ज्याचा पाया घातला गेला, त्याच्या नोंदी आज जगाचे पाठ्यपुस्तक झाल्या आहेत. मात्र ते पाठ्यपुस्तक इंग्रजीत आहे. तेथे कोणी आपले दुखणे कोणत्या भाषेत सांगितले असेल ते असो, कागदावर उतरले ते इंग्रजी, आणि यंत्र शिकले तेही इंग्रजीच.

अलीकडच्या काळातील प्रगती डोळे दिपविणारी आहे. २०२२ च्या अखेरीस गूगलच्या ‘मेड-पाम’ या रचनेने अमेरिकेतील डॉक्टरांच्या परवाना परीक्षेच्या धर्तीवरील प्रश्नांची ६७.६ टक्के उत्तरे बरोबर दिली, आणि २०२३ साली तिच्या पुढच्या आवृत्तीने ८६.५ टक्क्यांपर्यंत मजल मारली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील एका मोठ्या वैद्यकगटाने रोगी आणि डॉक्टर यांचे बोलणे ऐकून टिपण तयार करणारी यंत्रे आपल्या डॉक्टरांस दिली. दहा आठवड्यांत ३,४४२ डॉक्टरांनी ३,०३,२६६ भेटींत त्यांचा उपयोग केला.

या सुधारणेला आमचा विरोध नाही. डॉक्टर पडद्याकडे पाहात टंकलेखन करीत आहेत आणि रोगी त्यांच्या खांद्याशी बोलत आहे, हे दृश्य कुपत होलिममध्ये कोणी पाहिलेले नाही? टिपण लिहिण्याचा भार यंत्राने उचलला आणि डॉक्टरांचे तोंड रोग्याकडे वळले, तर ते सर्वांच्या हिताचेच आहे. पण परीक्षेतील प्रश्न आणि दवाखान्यातील रोगी यांत एक भेद आहे. परीक्षेत रोग्याचे वय, लक्षणे, कालावधी सारे कोणीतरी सुरेख भाषेत आधीच लिहून ठेवलेले असते. दवाखान्यात तेच लिहावयाचे असते, आणि खरी कसोटी तेथे लागते.

आता भाषेकडे वळू. इंग्रजीच्या मानाने हिब्रूतील लेखन थोडे, आणि हिब्रूची लिपीही यंत्रास जड जाणारी. स्वरचिन्हे लिहिली जात नाहीत आणि ‘मध्ये’, ‘पासून’, ‘आणि’ अशा अर्थाची अक्षरे पुढच्या शब्दास चिकटतात. बेत, त्सादी, लामेद ही तीन अक्षरे ‘बत्सल’ म्हणून वाचली तर कांदा होतो, आणि ‘बेत्सेल’ म्हणून वाचली तर ‘सावलीत’ असा अर्थ होतो. बारइलान विद्यापीठातील संशोधकांनी ‘आलेफबर्ट’ नावाची हिब्रू जाणणारी रचना २०२१ साली प्रसिद्ध केली, तेव्हा या अडचणींतून एक पाऊल पुढे पडले. एका राष्ट्राची राजभाषा, विद्यापीठे आणि रुग्णालये पाठीशी असूनही हिब्रूला इंग्रजीच्या मागून तीन वर्षांनी वाट काढावी लागली, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मराठीच्या बाबतीतही भारतात प्रशंसनीय काम चालू आहे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ साली मराठी लेखनाचा मोठा संग्रह आणि त्यावर शिकलेल्या रचना प्रसिद्ध केल्या. मद्रासच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२३ साली भारताच्या राज्यघटनेतील बावीसही भाषांसाठी भाषांतराची रचना खुली केली. परंतु या यंत्रांचे शिक्षण मुख्यतः वृत्तपत्रे आणि तत्सम छापील मजकूर यांवर झालेले आहे. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या भागांतून मुंबईमार्गे येथे आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडची मराठी, आणि साठ-सत्तर वर्षांत तीत मिसळलेले हिब्रू शब्द, हे कोणत्या वृत्तपत्रात छापले जाते? आणि मराठी व हिब्रू या दोन भाषांची गाठ घालणारे लेखन तर आपल्या कीर्तनांच्या व प्रार्थनांच्या पुस्तकांपलीकडे फार थोडे आहे. दुखण्याच्या शब्दांचे तर त्याहून थोडे.

दुखण्याचे शब्द ही साधी गोष्ट नव्हे. मराठीत पोटात कळ येते, दाढ ठणकते, पाठीत चमक भरते, चालून पायांना रग लागते, जखमेची आग होते. ऐकणाऱ्या मराठी डॉक्टरास दुखण्याचा प्रकार, त्याची चाल आणि जागा एकेका शब्दातून कळते. घाईच्या भाषांतरात या सर्वांचे ‘केएव’ होते, म्हणजे नुसतेच दुखणे. भोवती घर फिरल्यासारखे वाटून घेरी येणे निराळे, आणि उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे निराळे. पहिल्या तक्रारीत डॉक्टर कानाकडे पाहतील, दुसरीत रक्तदाब मोजतील. नोंदीत दोहोंचे ‘सहरहोरेत’ होऊन बसते.

काही शब्द तर वाट चुकवितात. ‘पित्त झाले’ म्हणजे बहुधा आंबट ढेकर, छातीत जळजळ, कधी डोकेदुखी आणि उलटी. ‘अंगावर पित्त उठले’ म्हणजे कातडीवर खाजऱ्या गांधी. शब्दाला शब्द ठेवून त्याचे हिब्रू ‘मारा’ केले की डॉक्टर पित्ताशयाची तपासणी लिहून देतात. ‘जीव घाबरा होतो’ हा शब्दप्रयोग याहून जोखमीचा आहे. त्यात भीती असेलच असे नाही. श्वास कोंडणे, छातीत धडधडणे, घाम फुटून अस्वस्थ होणे, हे सारे आपली म्हातारी माणसे याच तीन शब्दांत सांगतात. दुभाष्याने त्याचे ‘भीती वाटते’ असे केले आणि नोंदीत ‘हरादा’, म्हणजे चिंतेचा विकार, असे उतरले, तर हृदयाकडे जावयाची नजर मनाकडे जाते. ‘अंगात कसर आहे’ या तक्रारीचीही गत तशीच. तापमापक लावला, पारा चढला नाही, ‘एन होम’ असे लिहिले. नंतर येणारे यंत्र तो नकार अगदी बिनचूक ओळखते आणि ताप नसल्याची नोंद करते. यंत्राचे काही चुकले नाही. आजीबाईंना चार दिवस अंगात कसर होती, ही गोष्ट मात्र नोंदीत कोठेही राहिली नाही.

एका शब्दाने काय होऊ शकते याचे उदाहरण वैद्यकजगतात सर्वश्रुत आहे. १९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अठरा वर्षांच्या एका तरुणास बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणण्यात आले. घरच्यांनी स्पॅनिश भाषेत ‘इन्तोक्सिकादो’ असे सांगितले. क्यूबातील बोलीत त्याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले, असा होतो. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ नशा असा घेतला. औषधाच्या अतिसेवनाचे उपचार चालू राहिले आणि मेंदूतील रक्तस्राव ध्यानात येईपर्यंत उशीर झाला. त्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे झाले. पुढे झालेल्या भरपाईचा एकूण अंदाज ७ कोटी १० लाख डॉलर इतका सांगितला जातो. तेथे स्पॅनिश जाणणारी माणसे दुर्मिळ नव्हती; व्यावसायिक दुभाषी मात्र कोणी बोलावला नाही.

भाषांतराचे काम आता यंत्रच करील, असे कोणी म्हणेल. त्याचेही मोजमाप झाले आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णालयाच्या सूचनांची वाक्ये गूगलच्या भाषांतरयंत्रास दिली असता स्पॅनिशमध्ये ९२ टक्के आणि चिनीमध्ये ८१ टक्के वाक्ये बरोबर उतरली. २०२१ सालच्या दुसऱ्या अभ्यासात सात भाषा घेतल्या होत्या. तेथे स्पॅनिशची अचूकता ९४ टक्के, तर आर्मेनियनची केवळ ५५ टक्के आढळली. त्यानंतर यंत्रे सुधारली आहेत, यात संशय नाही. पण लिहिलेले साहित्य ज्या भाषेत विपुल, ती पुढे, आणि ज्या भाषेत तोकडे, ती मागे, हा क्रम तसाच आहे. आपल्या घरातील मराठी या रांगेत कोठे उभी असेल, याचा अंदाज वाचकांनी स्वतःच करावा.

बोलणे ऐकून लिहिणाऱ्या यंत्रांविषयी तर आणखी सावध राहावयास हवे. ‘व्हिस्पर’ नावाच्या एका प्रसिद्ध यंत्राची तपासणी करून अमेरिकेतील संशोधकांनी २०२४ साली दाखवून दिले की, ध्वनिमुद्रणाच्या शंभरांतील सुमारे एका तुकड्यात यंत्राने कोणी न उच्चारलेली वाक्ये पदरची घातली, आणि त्या रचलेल्या वाक्यांपैकी जवळजवळ चाळीस टक्के अपायकारक ठरतील अशी होती. मेंदूच्या विकारामुळे ज्यांची वाचा अडखळते अशांच्या बोलण्यात हा दोष अधिक दिसला, कारण त्यांच्या बोलण्यात थांबे अधिक असतात. आपली वृद्ध माणसेही थांबून बोलतात. वयामुळे थांबतात, आणि हिब्रू शब्द शोधण्यासाठीही थांबतात. त्या थांब्यात यंत्राने आपले काही भरले तर त्यांच्या नावावर त्यांनी न सांगितलेले दुखणे चढेल.

या थांब्यांचाच संबंध स्मृतिभ्रंशाशी येतो, आणि आमच्या मते आपल्या समाजास सर्वांत जवळचा प्रश्न हाच आहे. माणसाच्या बोलण्यावरून स्मृतिभ्रंश लवकर ओळखता येईल काय, याचे संशोधन जोरात चालू आहे. २०२० साली अशा यंत्रांची एक स्पर्धा झाली. तीत १५६ व्यक्तींचे बोलणे होते, निम्म्या व्यक्ती विकार असलेल्या आणि निम्म्या नसलेल्या. त्या सर्वांनी एकाच चित्राचे वर्णन इंग्रजीत केले होते. अमेरिकी घरातले स्वयंपाकघर, स्टुलावर चढून बिस्किटे काढणारा मुलगा, आणि भांडी पुसणाऱ्या आईच्या नकळत भरून वाहणारे सिंक, असे ते चित्र आहे. कोण किती अडखळतो, नेमका शब्द न सापडल्याने ‘ते’, ‘हे’ असे किती वेळा म्हणतो, याचा हिशेब यंत्र ठेवते.

हेच शास्त्र उद्या हिब्रूत येथे आले आणि आपल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांस त्याच्यापुढे बसविले, तर काय होईल? जी बाई प्रौढ वयात या देशात आली, दिवसभर कारखान्यात राबून उल्पानात जेमतेम हिब्रू शिकली, ती हिब्रूत अडखळणारच. तिच्या अडखळण्यास यंत्र रोग म्हणेल. उलट, ज्याला खरोखरच हा विकार जडला आहे त्याची नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी ढासळते आणि बालपणीची भाषा मागे उरते, असा अनुभव अनेक देशांतील स्थलांतरितांमध्ये नोंदला गेला आहे. अशा माणसाशी बोलण्यास मराठीखेरीज दुसरी वाटच उरत नाही. निरोग्यास रोगी ठरविणे आणि रोग्याशी संवाद तुटणे, असे दोन्ही बाजूंनी नुकसान आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मराठीतच सांगणारी ही पिढी आता थोडी उरली आहे. तिच्या मुलांची आणि नातवंडांची भाषा हिब्रू आहे. मग हा खटाटोप कशास? आमचे उत्तर असे की, थोडी उरली आहे म्हणूनच तो आज करावयाचा. शिवाय हा प्रश्न एकट्या बेने इस्रायलांचा नाही. कोचीनहून मल्याळम बोलत आलेले, इथिओपियातून अम्हारिक आणि तिग्रिन्या घेऊन आलेले, आणि इतर कितीतरी ओलीम याच स्थितीत आहेत. एकासाठी निघालेली रीत दुसऱ्याच्या कामी येईल. दुसरा आक्षेप असा की, घरचे कोणीतरी बरोबर असतेच, ते सांगतात. ते सांगतात हे खरे. पण तेरा-चौदा वर्षांच्या नातीने आजीच्या गर्भाशयाच्या तक्रारी पुरुष डॉक्टरास सांगाव्यात, हे आजीसही रुचत नाही आणि नातीसही. आजी मग अर्धेच सांगते आणि नात त्यातले अर्धेच पोचविते.

मुंबईत असताना आपल्या आयाबहिणींना ही अडचण नव्हती. आपल्याच समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा इस्पितळाची धुरा वाहिली आणि १९६६ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. मराठी बोलणाऱ्या स्त्रीला आपले दुखणे मराठीतच सांगण्याची सोय त्या काळच्या मुंबईत होती. येथे ती सोय आपोआप मिळणार नाही, मागून घ्यावी लागेल.

मागण्यास आधारही आहे. या देशाच्या १९९६ सालच्या रुग्णहक्क कायद्यान्वये उपचारास संमती देण्यापूर्वी रोग्यास कळेल अशा रीतीने माहिती देणे बंधनकारक आहे, आणि आपल्या नोंदींची प्रत मिळण्याचा रोग्यास हक्क आहे. आरोग्य मंत्रालयाने २०११ साली आरोग्यसेवा भाषेच्या आणि संस्कृतीच्या दृष्टीने सुलभ करण्याविषयी परिपत्रकही काढले. तेव्हा आम्ही पुढील गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, महत्त्वाच्या भेटीत, विशेषतः शस्त्रक्रियेपूर्वी आणि स्मृतीच्या तपासणीच्या वेळी, प्रौढ आणि जाणत्या दुभाष्याची मागणी आधीच लेखी करावी. लहान मुलांवर हे ओझे टाकू नये. स्मृतीची तपासणी हिब्रूतच झाली असेल तर तसा उल्लेख अहवालात करण्यास सांगावे.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांना विनंती करावी की, रोग्याने वापरलेला मूळ मराठी शब्द त्यांनी हिब्रू अक्षरांत अवतरणचिन्हांमध्ये नोंदीत लिहावा आणि पुढे आपला अर्थ लिहावा. ‘जीव घाबरा’ एवढी अक्षरे नोंदीत राहिली तर पुढचा डॉक्टर विचारू शकेल, आणि पुढचे यंत्र शिकूही शकेल. यास अर्धे मिनिट लागते.

तिसरी गोष्ट, डॉक्टरांच्या खोलीत बोलणे ऐकणारे यंत्र असेल तर ते असल्याचे विचारून घ्यावे, आणि निघण्यापूर्वी त्याने केलेले टिपण वाचून दाखविण्यास सांगावे. भेटीनंतर प्रत घेऊन घरच्या जाणत्या माणसाकडून ती पडताळावी.

चौथी गोष्ट आपल्या तरुणांसाठी आहे. आपल्यात परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, संगणकाचे जाणकार आहेत. अश्दोद, रामले, लोद, दिमोना, बेएर शेवा, येरुहाम येथील आपल्या बांधवांनी प्रार्थनामंदिरनिहाय बसून दुखण्याच्या मराठी शब्दांचा हिब्रू अर्थासह एक कोश तयार करावा. प्रत्येक शब्दाखाली तो केव्हा वापरतात आणि कशासाठी वापरत नाहीत हे लिहावे. तो कुपत होलिमच्या दवाखान्यांना द्यावा, आणि येथील तसेच पुण्या-मद्रासच्या संशोधकांसही खुला करावा. वृद्धांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावयाचे झाल्यास त्यांची संमती घ्यावी आणि जपून करावे. संशोधनासाठी नोंदींतून नावे काढली जातात हे खरे, पण आपल्यासारख्या लहान समाजात गाव, वय आणि दोन आजार सांगितले की माणूस ओळखू येतो. नाव पुसल्याने आपली अब्रू झाकली गेली, असे कोणी समजू नये.

प्रार्थनामंदिरात रोग्यासाठी मी-शेबेराख म्हणताना आपण त्याचे आणि त्याच्या आईचे नाव घेतो. यंत्राच्या कारभारात नाव पुसले जाणे आवश्यक आहे आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. रोग्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला शब्द मात्र पुसला जाऊ नये, इतकेच आमचे मागणे आहे. बिक्कूर होलीमसाठी, म्हणजे रोग्याच्या समाचारासाठी जाणाऱ्या मंडळींनी यापुढे सोबत एक वही ठेवावी, आणि आजी-आजोबा आपले दुखणे ज्या शब्दांत सांगतील ते शब्द तसेच तीत उतरवून घ्यावेत. असे शब्द वाचकांनी अर्थासह या पत्रिकेकडे पाठवावेत. आलेल्या शब्दांची पहिली यादी आम्ही येत्या अंकात छापू.